कापसाच्या घरातील चार सिलिंडर

मित्रांनो, गडबड थांबवा आणि नीट बसा. बोलणार आहे ती मी, एक जुनी पिकअप गाडी: चार सिलिंडरांची, दोन दारांची आणि कोणाच्याही शब्दावर पहिल्याच दिवशी विश्वास न ठेवणारी. माझा रंग मूळचा गर्द निळा होता. आता तो नेमका कोणता, याविषयी पाहणाऱ्यांत एकमत नाही आणि मी ते कोणाला विचारतही नाही.

संशयी स्वभाव मला कारखान्यातच मिळाला. तिथे माझ्या चाकांचे नट आवळणारा एक कामगार होता. नट आवळून झाला की तो चार पावले पुढे जाई, थबके, परत येई आणि त्याच नटाला पुन्हा पाना लावी. शेजारचा त्याला हसून म्हणाला, "अरे, आत्ताच तर आवळलास!" त्यावर तो म्हणाला, "आवळला खरा. पण आवळणारा मीच होतो ना, म्हणून बघतोय." ते वाक्य मी पहिल्या वंगणाबरोबर प्यायले. त्याचा अर्धाच अर्थ मला तेव्हा कळला होता, हे समजायला मात्र वीस वर्षे लागली.

पुढची गोष्ट कळावी म्हणून माझे पोट थोडे उघडून दाखवते. माझ्या इंजिनात चार सिलिंडर आहेत. एका घरात नांदणाऱ्या चार जावाच समजा. एक हवा आत ओढते, दुसरी ती दाबते, तिसरीकडे डिझेल पेटते आणि चौथी धूर बाहेर घालवते. मग पाळी बदलते. चारही कामे चौघींना करावी लागतात, पण एका वेळी एकीला एकच. कोणी कोणाच्या पाळीत लुडबुड करीत नाही, कारण कोणाचा कोणावर फारसा विश्वास नाही. असे घर उत्तम चालते. फक्त या चौघींना डिझेल जितके लागते, त्याहून कितीतरी अधिक हवा लागते. हे विसरू नका. मोठमोठी माणसे विसरली.

मला घेतले ते गादीवाल्यांनी. खाली कारखाना, वर घर आणि मध्ये फरसबंद अंगण. त्या अंगणात माझी जागा. दिवसभर पिंजण यंत्र घरघरत असे आणि कापूस उडत असे. तो कुठे नव्हता? माणसांच्या भुवयांवर होता, घड्याळाच्या काट्यांवर होता, दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणावर होता. म्हणूनच त्या घरात एक रीत पडली होती: जी वस्तू प्रिय, तिला खोळ. शिलाई यंत्राला खोळ, रेडिओला खोळ, छत्रीला खोळ. टीव्हीच्या रिमोटला तर दोन होत्या. एक धुवायला गेली की दुसरी चढे. एखादी वस्तू उघडी दिसली की समजावे, ती या घरची नाही.

घराची सत्ता थोरल्या बाईंच्या हाती होती. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे मालक म्हणत, ते मला चालवीत. टेकडीवरच्या रुग्णालयाच्या गाद्या आम्हीच पोचवायचो. तो चढ तीन वळणांचा आणि मोठा अवघड. पण मी दुसऱ्या गिअरमध्ये एका दमात वर जाई. मालक बॉनेटवर थाप मारून म्हणत, "हिच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवावा!" मला ते बोलणे आवडत नसे. गाडी चालवणाऱ्याने डोळे मिटू नयेत.

मालक गेले. थोरला मुलगा पिंजण यंत्र सोडू शकत नव्हता, धाकटा मोटारसायकलवरून मागण्या गोळा करीत हिंडे. माझी किल्ली आली थोरल्या सुनेकडे. मी तिच्याकडे संशयानेच पाहिले. गाडीत बसण्याआधी ती चपला काढून ठेवी. खाली स्वतः शिवलेली छोटी गादी घेई. पहिल्या दिवशी मी तिला मुद्दाम एक जोराचा हिसका दिला. ती रागावली नाही. म्हणाली, "बरं. आपली ओळख व्हायची आहे तर." पुढे नऊ वर्षांत ओळख झाली, भरवसा ठेवला असे मात्र मी कधी कबूल केले नाही.

आता मुख्य गोष्ट. थोरल्या बाईंना एकदा शंका आली की, एवढा कापूस उडतो, तो माझ्याही पोटात जात असणार. बॉनेट उघडून त्यांनी चाचपडून शोधले. माझ्या उजव्या दिव्यामागे, अगदी चिंचोळ्या फटीत, हवा आत ओढणाऱ्या नळीचे तोंड आहे. तिथे मिस्त्रीचा रुंद पंजा जात नाही. बाईंचा सडपातळ हात गेला. त्यांनी जुन्या साडीच्या विरविरीत कापडाची एक खोळ शिवली आणि नाडी ओढून नळीच्या तोंडावर बांधली. दरवर्षी ती बदलत. कोणाला सांगत नसत. लाड करावा पण त्याची दवंडी पिटू नये, असे त्यांचे मत. घरच्यांना वाटे, बाई गाडी पुसताहेत.

गेल्या वर्षी त्यांनी मला नवी खोळ शिवली. या वेळी गादीचे जाड पट्ट्यापट्ट्यांचे कापड, तेही दुहेरी, मध्ये कापसाचा पातळ थर आणि वर दाट धावदोरा. सत्तरी उलटलेल्या डोळ्यांना नीट दिसत नव्हते; सगळे बोटांच्या अंदाजाने केलेले. मी मान ताठ केली. सांगा, दुसऱ्या कोणत्या पिकअपला खोळ शिवून मिळते?

दोन महिने बरे गेले. मग मला चढावर दम लागू लागला. दुसरा गिअर पुरेना. मागून काळा धूर येऊ लागला. अंगणात कुजबुज सुरू झाली.

धाकटा एके सकाळी माझ्याभोवती फेरी मारून म्हणाला, "वहिनी, या पिकअपला पिकअपच राहिला नाही की हो! काय करता काय तुम्ही तिला?"

"चालवते, भावजी. गेल्या रविवारी तुम्ही नेली होतीत, तेव्हा काय वाऱ्यासारखी पळाली?"

"मस्त पळाली. उतारावर तर काय विचारू नका."

"आणि येताना?"

धाकट्याने माझ्या टायरला लाथ मारली. "तुम्ही क्लचवर पाय ठेवून बसता, त्यानंच होतं हे सगळं."

"अनवाणी पायांनी? माझ्या पायाला कळतं तो कुठे आहे ते."

यंत्रामागून थोरला ओरडला, "डिझेलात पाणी असेल!" तो दर आठवड्याला एवढेच बोलत असे.

त्या दिवसापासून घरात संशयाचे पीक आले. सून टाकीत काठी बुडवून डिझेलचा वास घेई. थोरल्या बाई वरच्या खिडकीत उभ्या राहून गिअर कसा पडतो ते कान देऊन ऐकत. मला डिझेलचा संशय, रस्त्याचा संशय आणि सर्वांत जास्त धाकट्याचा. कारण त्याने एका नव्याकोऱ्या गाडीचे चकचकीत माहितीपत्रक घडी करून माझ्याच सीटखाली लपवले होते. सवतीचा फोटो माझ्याच उशीखाली!

आमचा नेहमीचा मिस्त्री जुना आणि जाणता. पण कापसाचा तंतू नाकाजवळ आला की त्याला शिंकांचा सपाटा सुटे. त्यामुळे तो आमच्या अंगणात पाऊल टाकीत नसे. धाकटा म्हणाला, "तो मिस्त्री तेल बदलतो नि शिंकतो. ताकद वाढवणारे वेगळे असतात." आणि तो मला काळ्या काचांच्या एका दुकानात घेऊन गेला.

तिथल्या माणसाचे नखही काळे नव्हते. मला तिथेच शंका आली. तो गोड आवाजात म्हणाला, "दादा, चार सिलिंडरात घोडे काही कमी नसतात. कंपनीनं बांधून ठेवलेले असतात. मी फक्त दावं सोडतो." त्याने हवेच्या फिल्टरचे झाकण उघडले आणि मान डोलावली. "फिल्टर तर नव्यासारखा! हवेची चिंताच नाही. हिला खाऊ घाला." मग डिझेल पंपाचा स्क्रू पिळून त्याने माझा आहार वाढवला आणि जुना सायलेन्सर काढून हा एवढा जाडजूड पाइप बसवला. मित्रांनो, माझा आवाज कसा झाला म्हणून सांगू! घरंदाज बाईला भर बाजारात भांडायला उभे करावे, तसा.

दुसऱ्याच दिवशी वीस गाद्या भरून सून मला टेकडीवर घेऊन निघाली. पहिल्या वळणावर मी गरजले. दुसऱ्या वळणावर माझ्या धुराने कोणाच्यातरी दोरीवरच्या पांढऱ्या चादरी काळ्या केल्या. तिसऱ्या वळणाच्या ऐन तोंडावर तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला आणि मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा थांबले. सुनेने हँडब्रेक ओढला, अनवाणीच उतरून चाकामागे दगड लावला आणि मी गार होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग वीस गाद्यांसह तिने मला उलटे, तसूतसूने खाली आणले. तसे आणणे किती कठीण असते, हे पाहायला तिथे कोणी नव्हते. दोरीवरच्या काळ्या चादरी मात्र साऱ्यांनी पाहिल्या.

थोरल्या बाईंनी अंगणात खुर्ची मांडून निकाल दिला. "सोमवारी रुग्णालयाच्या चाळीस गाद्या वर गेल्या पाहिजेत. नव्या वॉर्डात माणसं झोपायची आहेत. मालकांनी दिलेला शब्द या घरानं कधी मोडला नाही. त्या गेल्या नाहीत, तर किल्ली या खुंटीवर यायची. चालक ठेवू, गाडी बदलू."

"आणि मी काय करू, आई?" सुनेने विचारले.

"शिवायला बसायचं. तुझ्या टाक्यात काही खोट नाही."

"आणि चालवण्यात?"

बाई खुर्चीतून उठल्या. "ते सोमवारी कळेल."

संध्याकाळी सून बंद गाडीत येऊन बसली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तिने हळूच विचारले, "खरं सांग, माझंच काही चुकतंय का गं?" आज कबूल करते, बोलता आले असते तरी मी तिच्या बाजूने बोलले नसते. मलाही तिचाच संशय येऊ लागला होता.

शनिवारी सकाळी तिने मला त्या जुन्या मिस्त्रीकडे नेले. देखरेखीसाठी थोरल्या बाई आपण होऊन सोबत आल्या. गाडीत मात्र बसल्या नाहीत. मागून रिक्षाने आल्या. त्यांनी गॅरेजच्या दारात पाऊल टाकले आणि मिस्त्रीने लागोपाठ तीन शिंका दिल्या.

"बाई, दारातच थांबा. तुमच्या पदरात अर्धी गादी आहे."

"मी उभी राहायची तिथे राहीन. तुम्ही काय करता ते मला दिसलं पाहिजे."

"बघा की. मी काही जादूवाला नाही." त्याने नाक पुसले आणि सुनेकडे वळला. "ताकद वाढवायची म्हणता, ती वाढवता येते हो. पण आधी होती ती कुठे गेली, ते बघू. घरात चोरी झाली तर माणूस आधी कुलूप बघतो. लगेच नवं सामान भरत नाही."

त्याने मला जॅकवर चढवून चारही चाके हाताने फिरवली. ब्रेक कुठे धरून राहत नव्हता. डिझेलचा फिल्टर उघडला, पाण्याचा थेंब नाही. क्लच तपासला. "हा तर कौतुक करावा असा राखलाय," तो म्हणाला. सुनेने सासूकडे पाहिले. सासूने छताकडे पाहिले.

मग त्याने मला चालू करून ॲक्सिलरेटर दाबायला सांगितला आणि धुराकडे पाहत राहिला. "काळा धूर म्हणजे घास मोठा नि श्वास छोटा." त्याने हवेच्या फिल्टरचे झाकण उघडले. फिल्टर पांढराशुभ्र होता. मिस्त्रीने तो दोन्ही हातांनी उचलला, अगदी नाकाजवळ नेला, डोळे मिटले आणि तसाच उभा राहिला.

"मी शिंकलो का?" त्याने विचारले.

"नाही," सून म्हणाली.

"बाई दहा पावलांवर आहेत तरी माझं नाक ठणकतंय. आणि हा फिल्टर कापसाच्या घरात सहा महिने राहिला, त्यात एक तंतू नाही? ताई, मला या स्वच्छतेचाच संशय येतोय. कापूस इथवर पोचलाच नाही. मग हवा तरी कशी पोचेल? वाटेत कोणीतरी ठाण मांडून बसलंय."

त्याने फिल्टरच्या डब्यातून नळी सोडवून बाजूला केली आणि म्हणाला, "आता दाबा."

मित्रांनो, काय सांगू! चौघी जावांनी एकदम दारे-खिडक्या उघडाव्यात तशी हवा आत आली. कित्येक महिन्यांत मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. धूर विरला. आवाज मोकळा झाला. आणि त्याच क्षणी वाटेत कोण बसले आहे, ते मला आठवले.

मिस्त्रीने उजवा दिवा उतरवला, फटीत चिमटा घातला आणि ओढून काढला तो एक करडा, फुगलेला, ओलसर गोळा. बाहेरून कापसाची पुटे चढलेली. "हे काय? कोणाचं घरटं?" असे म्हणून तो बाहेर पळाला आणि सहा-सात वेळा शिंकला.

सुनेने गोळा हातात घेतला. बोटाने पुटे बाजूला सारली. पट्ट्यांचे कापड दिसले, दाट धावदोरा दिसला. त्या घरात कोणता टाका कोणाचा हे आंधळ्यालाही ओळखता येते. तिचे बोट टाक्यावर थांबले. नऊ वर्षांची बोलणी, खिडकीतून रोखलेले कान, खुंटीची धमकी, साऱ्यांचे उत्तर तिच्या तळहातावर होते. तिने मूठ मिटली.

"असेल काहीतरी, मिस्त्री," ती म्हणाली. "उंदरानं ओढून आणलं असेल."

"उंदराला धावदोरा येत नाही."

थोरल्या बाई दार सोडून आत आल्या होत्या. त्यांनी सुनेची मूठ उघडली, खोळ घेतली आणि मिस्त्रीकडे पाहून सरळ आवाजात म्हणाल्या, "तो टाका माझा आहे. या घरात मी सगळ्यांवर संशय घेतला. माझा स्वतःचा हात तेवढा राहिला होता."

मिस्त्री दुरूनच नाक दाबून म्हणाला, "चांगली शिवलीय हो, बाई. वाराही आत जाणार नाही."

"टोमणे पुरे. पंपाचा स्क्रू होता तिथे आणा. तो आरडाओरडा करणारा पाइप काढा. आणि सोमवारी ही चालवेल, मी शेजारी बसेन."

"माझं चालवणं तपासायला, आई?"

"नाही गं. रस्ता बघायला. वीस वर्षं झाली ही गाडी घरात येऊन, पुढच्या सीटवर मी एकदाही बसले नाही. नेहमी मागे गाद्यांना बांधलेली दोरीच ओढून बघत राहिले."

सोमवारी सकाळी चाळीस गाद्या माझ्यावर चढल्या. बाईंनी दोरी तपासली. स्वभाव का कुठे जातो? मग त्या पुढे बसल्या. सीटखालचे ते चकचकीत माहितीपत्रक त्यांच्या हाती लागले. त्यांनी ते उलटसुलट पाहिले, त्याची नीट घडी केली आणि माझ्या खडखडणाऱ्या काचेच्या फटीत पाचर म्हणून ठोकली. खडखड थांबली.

पहिले वळण. दुसरे वळण. पांढऱ्या चादरी पुन्हा दोरीवर होत्या; त्या पांढऱ्याच राहिल्या. तिसऱ्या वळणाच्या तोंडावर बाईंनी सीटची कड घट्ट धरली. सुनेने अनवाणी पाय हलकेच दाबला, दुसरा गिअर टाकला आणि मी वर गेले. एका दमात. माझ्यात नवे काहीही बसवलेले नव्हते. जे माझे होते, तेवढेच मला परत मिळाले होते.

धाकटा मोटारसायकलवरून मागोमाग आला होता. तोंडाला बांधलेला रुमाल सोडून म्हणाला, "वहिनी, हिला एवढा जोर आला कुठून?"

"दावं सोडलं, भावजी," सून म्हणाली आणि गाद्या उतरवायला लागली.

मित्रांनो, माझे एवढे सांगणे ऐका. घरातले एखादे यंत्र दमू लागले, तर त्याला लगेच नवे काही जोडू नका आणि त्याच्याशी राबणाऱ्या माणसाला लगेच दोष देऊ नका. आधी त्याच्या श्वासाची वाट मोकळी आहे ना, ते पाहा. वेळच्या वेळी फिल्टर झाडा, तेल बदला. मलाही जपा. पण जपताना गुंडाळू नका. मी लाडाने फुगले आणि त्या लाडानेच गुदमरले, आणि संशय घेतला तो जिने मला उलटे, सावकाश, सांभाळून खाली आणले तिच्यावर. त्याची लाज मला आजही वाटते.

ती खोळ बाईंनी उसवली, धुतली आणि माझ्या गिअरच्या मुठीला शिवली. रीत ती रीत. तिथे ती शोभते आणि कोणाचा श्वास अडवीत नाही.

आता रोज सकाळी मी निघण्याआधी थोरल्या बाई अंगणात येतात, बॉनेट उघडायला लावतात आणि तो सडपातळ हात उजव्या दिव्यामागे घालून नळीचे तोंड चाचपतात. परवा सून हसून म्हणाली, "आई, तिथे आता काही नाही. कालच तर बघितलंत."

बाईंनी हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि म्हणाल्या, "काही नाही, ते मलाही माहीत आहे. पण घालणारी मीच होते ना, म्हणून बघते."